अप्पा शिडीवरून पडले नव्हते

९ जानेवारी

ताई,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय. समोर गिऱ्हाईक असेल तर त्याचा चष्मा आधी हातावेगळा करा, मग बसून वाचा.

तो बरा आहे. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिते, कारण परवा मला कुणी ते आधी सांगितलं नाही, आणि बेकरीपासून हॉस्पिटलपर्यंत माझं काय झालं ते माझं मला ठाऊक.

ताई, तुमच्या भावाला हार्ट अटॅक आला.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचून बघितलं. दुसऱ्याच कुणाच्या घरची बातमी वाटते. सिगारेट नाही, दारू नाही, पोटाचा घेर नाही. खेळाचा शिक्षक! आदल्या रविवारी हाच माणूस आमच्या थोरलीबरोबर टेकडी चढून उतरून आला आणि वर मला म्हणाला, "तू जिन्यानं येताना धापा टाकतेस, स्वतःकडे बघ जरा."

मैदानावर मुलींचा सराव संपवून अडथळ्यांच्या लाकडी चौकटी खोलीत नेऊन ठेवत होता. छातीवर कुणीतरी पट्टा आवळतंय असं वाटलं. त्याला वाटलं, स्नायू दुखावला. बाम चोळला आणि उरलेल्या चौकटी नेल्या, ताई! गणिताच्या बाई समोरून आल्या. एवढ्या थंडीत सदरा ओलाचिंब, चेहरा राखेसारखा. त्यांनी काही न विचारता गाडीत कोंबलं म्हणून आज मी हे पत्र लिहितेय. मनगटातून तार घालून हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, आत जाळीची बारीक नळी बसवली. मी पोचले तेव्हा माझ्या अंगावर बेकरीचा ॲप्रन, कोपरापर्यंत मैदा. नर्स माझ्याकडे बघत म्हणाली, "लोणी-बिणी फार होतं वाटतं घरात?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मी केलेला केक त्यानं कधी बोटभरसुद्धा खाल्ला नाही, तरी मला वाटतंय, माझ्याच हातानं झालं.

शाळेचे हेडक्लार्क भेटायला आले होते. तुम्ही पाहिलंय त्यांना, खुर्चीतून उठायचं तर टेबलाला विचारून उठतात. पलंगाशी उभे राहून रडवेल्या आवाजात म्हणाले, "सर, माझ्या नावावर आलेलं तुमच्याकडे कसं गेलं हो?" तुमचा भाऊ हसला. मला हसू आलं नाही.

एक विचारायचंय. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "घरात कुणाला हृदयाचा त्रास?" तो म्हणाला, "कुणालाच नाही. आई ठणठणीत आहे, वडील शिडीवरून पडून गेले." त्यांनी पुन्हा विचारलं, "कितव्या वर्षी?" तो म्हणाला, "त्रेचाळीस." त्यांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही तेव्हा मोठ्या होतात, हा सहा वर्षांचा होता. काही आठवत असेल तर लिहा.

फोन करू नका. तुम्ही फोनवर असलात की आई कान लावून बसतात, आणि मोबाइल तर तुमच्यापेक्षा त्यांच्याच हातात जास्त असतो. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यानं मला बजावलंय.

तुमची,
वहिनी

१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

तुझं ऐकलं नाही. गिऱ्हाईक समोर असतानाच वाचलं, आणि हातातली काच सुटून फुटली. त्या बाई बिचाऱ्या विचारतात, "माझा नंबर इतका वाईट आहे का?"

आमचा पळपुट्या! अगं, लहानपणी अभ्यास म्हटलं की पळायचा म्हणून मी हे नाव ठेवलं, आणि पुढे त्यानं पळण्यावरच पोट भरलं. त्याला अटॅक? मला येता आला असता, दिवसभर एका जागी बसून असते. आणि तुझ्या लोण्याचं खूळ आधी डोक्यातून काढ. ज्यानं खाल्लंच नाही, त्याला ते बाधेल कसं?

आता दुसरं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तू पहिली.

वहिनी, डॉक्टरांना सांग, अप्पा शिडीवरून पडले नव्हते.

मी शाळेतून येत होते. अप्पा आमच्या घरासमोरच्या चपलांच्या दुकानाची पाटी रंगवत होते, शेवटची दोनच अक्षरं राहिली होती. ते शिडीवर नव्हतेच. खाली येऊन शेवटच्या पायरीवर बसले होते. ब्रश डब्यावर आडवा, नीट ठेवलेला. एका हातानं जबडा चोळत होते. मी म्हटलं, "अप्पा, काय झालं?" म्हणाले, "दाढ ठणकतेय गं. जरा पाणी आण." कपाळावरून घाम नुसता ओघळत होता. मी वर धावले. तांब्या घेऊन खाली येते तर रस्त्यावर गर्दी. अप्पा जमिनीवर, आणि चपलांचा दुकानदार ओरडतोय, "पडला! वरून पडला!"

त्यानं पडताना पाहिलं नव्हतं. दुकानाच्या आत होता. पण शिडी उभी आणि माणूस आडवा, म्हटल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? चौदा वर्षांच्या पोरीला कोण विचारतं? पुढे सगळे इतक्यांदा पडले-पडले म्हणाले, की मलाही ते पडताना दिसायला लागले. तुझं पत्र वाचलं आणि खरं काय पाहिलं होतं ते एकदम समोर येऊन उभं राहिलं. वरून पडलेल्या माणसाला खरचटतं तरी. अप्पांच्या अंगावर ओरखडा नव्हता.

दुकानाचं शटर ओढून आत बसून लिहितेय.

पळपुट्याला म्हणावं, ताई रागावली आहे. बाम चोळतो, गाढव.

ताई

३० जानेवारी

ताई,

तुमचं पत्र मी डॉक्टरीणबाईंना वाचूनच दाखवलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग काय केलं असेल? त्याला पलंगावर पालथं झोपवलं आणि टाचेच्या वरची जाड शीर दोन बोटांत धरून दाबली. "ही एवढी जाड कधीपासून?"

तुमचा भाऊ मोठ्या ऐटीत म्हणाला, "ती आमच्या घराण्याची टाच आहे! वडिलांची अशीच, ताईची अशीच. म्हणून तर आम्ही काटक."

बाई म्हणाल्या, "हे काटकपण नाही. हे कोलेस्ट्रॉल आहे. वर्षानुवर्षं साठून इथं गाठ झाली आहे."

ताई, त्याचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. अटॅक आला तेव्हासुद्धा इतका पांढरा पडला नव्हता. ज्या टाचेचा आयुष्यभर अभिमान, ती टाचच चुगली करत होती आणि आम्ही तिचं कौतुक करत होतो. मी रोज माझ्या हातानं तेल चोळलंय त्या टाचेला.

मग त्यांनी आम्हाला समजावलं. मला कळलं तेवढं लिहिते. मला वाटायचं, नळात गंज धरावा तशी रक्तवाहिनी आतून भरत जाते आणि एक दिवस तुंबते. तसं नसतं म्हणे. वाईट कोलेस्ट्रॉल वाहिनीच्या भिंतीच्या आत शिरतं, आणि तिथं सूज येऊन गळवासारखं काहीतरी तयार होतं. वरती पातळ साल, आत मऊ. ते वर्षानुवर्षं निमूट बसतं. आतली वाट चांगली मोकळी असते, म्हणून माणूस टेकडीसुद्धा चढतो. आणि एका क्षणी ती साल फाटते. रक्ताला वाटतं, जखम झाली. ते आपलं इमानदारीत गुठळी करून जखम बुजवायला धावतं, आणि त्या गुठळीनं वाट बंद होते. मागचं हृदय रक्तावाचून तडफडायला लागतं. एवढं सगळं काही मिनिटांत. आपलंच रक्त, आपल्याच भल्यासाठी धावलेलं!

त्याचं वाईट कोलेस्ट्रॉल दोनशे नव्वद आहे. शंभराच्या आसपास असलं तर चालतं लोकांना. बाई म्हणाल्या, हे खाण्यानं इतकं चढत नाही. हे जन्मापासून आहे. यकृत रक्तातलं कोलेस्ट्रॉल उचलून घेतं, ते उचलणंच यांच्यात कमी. (मी तिथंच रडले. लोण्याची सुटका झाली म्हणून.) धावण्याचा फायदा झालाच असणार, पण जन्माची खोड धावून जात नाही. आता रोज गोळी, कायमची. ती गोळी यकृताला नवं कोलेस्ट्रॉल करू देत नाही, मग यकृताला रक्तातलं ओढून घ्यावंच लागतं. रक्तातलं उतरलं की ते गळू आतून घट्ट होतं, साल जाड होते, सहजी फाटत नाही. "म्हणजे पुन्हा अटॅक येणार नाही?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "अशी हमी मी देत नाही. पण शक्यता पुष्कळ कमी होते, आणि जितकी लवकर सुरू तितकं चांगलं."

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. ही खोड आई किंवा बापाकडून येते. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. प्रत्येक मुलाला, ताई. म्हणजे तुम्हालाही. आणि आमच्या दोन्ही पोरांना. काल थोरली झोपली होती तेव्हा पांघरूण बाजूला करून मी तिच्या टाचा चाचपून बघितल्या. मला काही कळलं नाही. तुम्ही रक्त तपासून घ्या. ह्याच आठवड्यात.

वहिनी

१२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घराण्याची टाच! मी दुकानात बसल्याबसल्या चप्पल काढून बघितली. अगं, लहानपणापासून प्रत्येक बूट मला तिथंच घासतो. चपलांच्या दुकानदाराला किती शिव्या दिल्या असतील. अंगावर काटा आला बघ.

पण मी काही इतकी घाबरणारी नाही. मी पहिल्यापासून काडी. त्यात आईच्या पथ्यामुळे आमच्याकडे सगळं उकडलेलं. अप्पांचं सगळं त्याच्यात उतरलंय. नाक, केस, चिडणं. मी आईवर गेलेय असंच सगळे म्हणतात. परीक्षा जवळ आल्या, आयांना आत्ताच पोरांचे डोळे आठवतात, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. हा हंगाम गेला की तपासते. शब्द दिला.

आईला काही माहीत नाही. फक्त परवा म्हणाली, "हल्ली तो फोनवर हळू का बोलतो? पूर्वी मैदानावर असल्यासारखा बोलायचा." मी म्हटलं, मोठा झाला.

त्याला गोळ्या वेळेवर दे.

ताई

२० मार्च

ताई,

गोळ्या वेळेवर दे, म्हणालात. ऐका.

आज पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, मग त्याच्याकडे बघितलं. "गोळी घेता ना?" तुमचा भाऊ छताकडे बघायला लागला. पंखा पहिल्यांदाच बघत असल्यासारखा. मी म्हटलं, "अहो, मी रोज हातात देते." बाई म्हणाल्या, "हातात देता, पुढे?"

पुढे खिशात. खिशातून मैदानावर. आकडा होता तिथंच येऊन बसलाय. मांड्या दुखायला लागल्या म्हणून बंद केली, आणि व्यायामशाळेतल्या कुणीतरी सांगितलं की ही गोळी स्नायू खाते. माझ्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी, पाणी पिऊन दाखवत होता मला.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, काही जणांना स्नायू दुखतात, ते खोटं नाही. पण ते मला सांगायचं. दुसरी गोळी आहे, कमी डोस आहे, वेगळ्या प्रकारचं औषध आहे. "माझ्याकडे उपाय आहेत. लपवलंत तर माझ्याकडे काहीच नाही."

घरी येताना मी भांडले. तो म्हणाला, "मी आयुष्यभर शरीर सांभाळलं, त्यानं मला दगा दिला. आता मी म्हाताऱ्यासारखा डबीतून गोळ्या मोजून खाऊ?" आणि मुलांची तपासणी नको म्हणतो. "माझ्या पोरांना या वयात पेशंट करू नका." थोरली अडथळ्यांच्या शर्यतीत निवडली गेली आहे. तिला बघितलं की तो खोलीतून उठून जातो.

तुम्हीच लिहा त्याला. माझं ऐकत नाही.

वहिनी

२९ मार्च

पळपुट्या,

हे पत्र तुला. वहिनीनं वाचलं तरी चालेल, मोठ्यानं वाचलं तर उत्तम.

लाज वाटते का? बायकोच्या हातचं पाणी पिऊन गोळी खिशात घालतोस? सहा वर्षांचा होतास तेव्हा कडू औषध असंच कुंडीत ओतायचास. झाड मेलं होतं, आठवतंय? आता कुंडीत कोण मरणार आहे, विचार कर.

शरीरानं दगा दिला म्हणे. दगा कसला? बिचाऱ्यानं जन्मापासून ओझं वाहिलं आणि तक्रारसुद्धा केली नाही. अप्पांना ही गोळी कुणी दिली नाही. अशी काही असते हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. तुझ्या हातात आहे ती तू खिशात घालतोस.

दुखतं म्हणून सोडलीस? मलाही दुखतं. हल्ली दुकानाचं शटर वर करताना दोन्ही खांद्यांच्या मध्ये असं दाबल्यासारखं होतं, की हात तिथंच राहतात. जिना चढले की खालचा जबडा ठणकतो. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले, ते म्हणाले दात उत्तम आहेत, घरी जा. मळमळतं, घाम फुटतो, स्टुलावर बसलं की जातं. आता परवापासून तर नुसतं बसूनही होतंय. बाईमाणसाचं हे वयच असलं, पाळी जायचे दिवस. म्हणून मी दुकान बंद केलं का? माणसानं सोसायला शिकावं.

डॉक्टरांकडे जा, दुसरी गोळी घे, आणि मुलांना तपासायला ने. पत्राचं उत्तर तू स्वतः लिहायचंस.

ताई

२१ एप्रिल

सूनबाई,

मी लिहितेय. दचकू नकोस, तुझी नणंद जिवंत आहे. पलीकडच्या खोलीत झोपली आहे आणि तुझा नवरा तिच्या उशाशी पेपर वाचतोय. दोघांनी मिळून मला पत्र लिहू नको सांगितलंय, म्हणून लिहितेय.

मला काचेची समजलात का गं तुम्ही सगळे? जानेवारीत माझ्या मुलाचं हृदय बंद पडता पडता राहिलं, आणि मी इथे मटार सोलत बसले होते. पोरं मला जपत होती म्हणे! मनात आलं, आधी तिघांनाही चांगलं फैलावर घ्यावं. पण तशी वेळ राहिली नाही.

झालं ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलं असेल. मी सलग सांगते. त्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं तिचं पत्र वाचलं. शटर, जबडा, घाम, तिथपर्यंत आला आणि त्याला वाटलं, हे तर माझंच लिहिलंय. त्यानं सरळ दुकानात फोन लावला. तिच्याकडे डोळे तपासायला बसतात ते डॉक्टर होते तिथे. यानं त्यांना सांगितलं, "ताईला उचला आणि हॉस्पिटलात न्या. ती भांडेल. भांडू द्या. पण न्या." ती भांडलीच. दोन चष्मे आज द्यायचे कबूल केलेत म्हणाली. पण गेली. स्वतःच्या पायांनी आत गेली, खिडकीपाशी नाव सांगायला लागली, अर्धं नाव सांगितलं आणि खिडकीची कड धरून खाली बसली. तिथंच आला अटॅक. हॉस्पिटलच्या दारात! तिथल्यांनी झेललंच तिला. डॉक्टर मला म्हणाले, "आजी, दुकानात झालं असतं तर सांगता येत नाही." दोन नळ्या बसवल्यात. तिचं ते कोलेस्ट्रॉल तिच्या भावापेक्षा वर निघालं. काडीसारखी माझी पोर! मी बाकावर बसून होते, आणि मला एवढंच समजत होतं की माझ्या चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या आहेत.

पण मी लिहायला बसले ते याच्यासाठी नाही.

तिसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. डॉक्टर वडिलांचं विचारत होते. ती म्हणाली, "ते खाली येऊन पायरीवर बसले होते. जबडा चोळत होते." मी शेजारी उभी. मी म्हटलं, "कोण खाली येऊन बसलं होतं?"

"अप्पा."

"कधी?"

"त्याच दिवशी, आई. मी पाणी न्यायला वर आले नव्हते का? ते शिडीवर नव्हतेच."

सूनबाई, आता माझं ऐक. तू या घरात आलीस तेव्हापासून बघतेस, मी कुणाला लांबून हाक मारत नाही. जवळ जाते, खांद्याला हात लावते. तू हसायचीस, आई मांजरीसारख्या येतात म्हणून. ते गेले त्या दिवशी जेवण निवत होतं. मी खिडकीतून ओरडले, "जेवायला येताय, की शिडीवरच ताट पाठवू?" जोरात ओरडले. सकाळी आमची कुरबुर झाली होती, तो राग आवाजात होता. त्यांनी वळून बघितलं, हात वर केला. मी आत गेले, वरणाला फोडणी दिली. पोरगी आली आणि तांब्या घेऊन पळाली, मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आणि मग खालून आरडाओरडा, पडला, पडला. मी मनात म्हटलं, माझ्या हाकेनं दचकले आणि पडले. तेव्हापासून आजतागायत तेच म्हणत आले. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार होते?

मी हे सगळं तिथं त्या डॉक्टरांसमोर बोलून गेले. ते म्हणाले, "आजी, हाकेनं असं होत नाही. त्यांच्या रक्तवाहिनीची भिंत आतून कितीतरी वर्षं सडत होती." आणि तुझी नणंद पलंगावरून म्हणते, "आई, तू हाक मारलीस म्हणून ते खाली तरी आले. ब्रश नीट ठेवला, मला पाणी मागितलं. नाहीतर खरंच वरून पडले असते."

लोकांना वाटेल, म्हातारीला हलकं वाटलं असेल. मला काही वाटत नाहीये. दात काढल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते ना, तसं मन तिथं जातं आणि तिथं काही नसतं. रडायलासुद्धा येत नाही. एवढंच सारखं डोळ्यांपुढे येतं, की त्यांनी हात वर केला होता. मी समजत होते, ते चिडून हात झटकताहेत. आता वाटतं, "आलो" म्हणत असतील.

मुलांना तपासून घे. तुझा नवरा नको म्हणाला, तर त्याला सांग, आईनं सांगितलंय. तसं त्याला ताईजवळ बसून काय कळायचं ते कळलेलं दिसतंय. काल स्वतःच नर्सला विचारत होता, या गोळीनं पाय दुखले तर कुणाला सांगायचं.

आई

१४ जून

ताई,

तुमचं अक्षर अजून थोडं थरथरतंय, पण शिव्या पूर्वीसारख्याच आहेत, त्यामुळे काळजी मिटली. अर्धा दिवस दुकान उघडता हे वाचलं. शटर दुसऱ्या कुणाकडून वर करून घेता, हेही पत्रात लिहायचंत ना.

त्यानं मुलांना स्वतः नेलं. मला वाटलं होतं, मलाच न्यावं लागेल. सकाळी बघते तर दोघांना रांगेत उभं करून म्हणतोय, "चला, सुई टोचायचीय, रडेल त्याला चार फेऱ्या." त्याची नवी गोळी सोसतेय. पाय दुखत नाहीत, आकडा निम्म्याच्या खाली आलाय, अजून उतरवायचाय. बाईंनी जोडीला दुसरं एक औषध दिलंय. माझ्यासमोर गोळी घेतो आणि जीभ बाहेर काढून दाखवतो. मी बघते. इतकी कच्ची नाही मी आता.

काल मुलांचे आकडे आले.

धाकट्याचा चांगला आहे. अगदी चांगला. थोरलीचा दोनशे चाळीस.

सोळा वर्षांची आहे ती, ताई. कागद माझ्या हातात होता आणि मला पहिल्यांदा वाटलं, नावांची अदलाबदल झाली असेल. मग वाटलं, असं वाटणाऱ्या बाईला आई कसं म्हणायचं? अदलाबदल झाली तर दुसरं कोण, धाकटा ना? प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, हे मला महिनोन्‌महिने पाठ होतं. पाठ असणं आणि होणं, यात एवढं अंतर असतं हे माहीत नव्हतं.

घरी सांगितलं. थोरलीनं कागद वाचून परत दिला. रडला तो धाकटा. हमसून हमसून. आम्हाला वाटलं, बहिणीसाठी रडतोय. विचारलं तर म्हणतो, "बाबांना आहे, ताईला आहे, आत्याला आहे, अप्पाआजोबांना होतं. मग मलाच का नाही? मी तुमचा नाही का?" बारा वर्षांचा घोडा! थोरलीनं त्याला टपली मारली. "मूर्खा, सुटलास तू." आणि मग मात्र ती स्वतः रडायला लागली, आणि तो तिचे डोळे पुसायला लागला. आम्ही दोघं बघत उभे.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई तिला समोर बसवून बोलल्या. म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना कळलंच नाही. बाबांना आणि आत्याला कळलं तेव्हा साल फाटली होती. तुला फाटायच्या कितीतरी आधी कळलंय." गोळी आजपासून. पुढे लग्न, मूल असा काही विचार असेल तेव्हा आधी येऊन सांगायचं, तेव्हा ती थांबवावी लागते. थोरली लाजली. मग तिनं एकच विचारलं, "मी धावू ना?"

"पळ की," बाई म्हणाल्या. "तुझी तपासणी केलीय मी. गोळी घे आणि पळ."

आज सकाळी मैदानावर मी पण गेले. बेकरीला सांगितलं, येणार नाही. अडथळे मांडले होते. थोरली रेषेवर वाकली, बोटं टेकवली. तो एका बाजूला, शिट्टी ओठांत, हातात घड्याळ. आणि तो शिट्टी वाजवेना. मी समजले, रांगेतल्या दुसऱ्या मुली समजल्या नाहीत, मान वर करून बघायला लागल्या. त्याचा चेहरा, ताई, हॉस्पिटलात पालथा झोपवला होता त्या दिवशीसारखा. त्याच्या छातीचा भाता मला लांबून दिसत होता.

थोरलीनं वाकल्यावाकल्या मान वळवली आणि ओरडली, "बाबा, वाजवा ना!"

त्यानं वाजवली. ती सुटली. पहिला अडथळा, दुसरा, तिसरा, एकालाही पाय लागला नाही. शेवटी पोचून, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत तिनं विचारलं, "किती लागले?"

त्यानं हातातल्या घड्याळाकडे बघितलं. ते त्यानं सुरूच केलं नव्हतं.

वहिनी